वाचून आलेला माणूस

पुस्तक वाचून आलेला माणूस चर्चेचा विचका करतो, असं आमच्या पुस्तकाच्या दुकानाच्या मालकांचं ठाम मत आहे. नवीन माणूस हे ऐकून चपापतो. पुस्तकं विकून पोट भरणाऱ्याने असं बोलावं? पण मालक उगाच बोलत नाहीत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुकानात पुस्तकचर्चा भरवून भरवून त्यांना हे ज्ञान झालेलं आहे, आणि त्या चर्चेच्या खुर्च्या मांडून मांडून मला.

दुकान पुण्यात, अप्पा बळवंत चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका बोळात आहे. हाक मात्र जोरात मारावी लागते, कारण चौकात सदासर्वकाळ ‘पाचवीचं गणित आहे का हो, सेमीचं?’ हा घोष चालू असतो. ज्या अप्पा बळवंत मेहेंदळ्यांचं नाव या चौकाला आहे, त्यांनी हत्तीवरून पडणाऱ्या सवाई माधवरावांना सावरलं, अशी कथा सांगतात. जून महिन्यात पोराचं बखोट धरून त्या गर्दीतून वाट काढणाऱ्या आईबापांना ती सहज पटावी. आमच्या दुकानात शिरलं की आधी लागतं ते राज्यसेवेच्या आणि तलाठी भरतीच्या पुस्तकांचं टेबल. कथा, कादंबरी, कविता वगैरे मागच्या भिंतीला. टेबल कमावतं आणि भिंत खाते. एक मुलगा बँकेत आणि दुसरा प्रायोगिक नाटकात असलेल्या घरासारखा हा कारभार आहे. आणि कार्यक्रमाच्या दिवशी कमावत्या मुलालाच उचलून बोळात ठेवावं लागतं, कारण त्याशिवाय खुर्च्या मावत नाहीत.

मी दुकानाचा मालक नाही, नोकर नाही आणि साहित्यिक तर मुळीच नाही. एकदा दिवाळी अंक घ्यायला गेलो असताना मालकांनी ‘जरा ती खुर्ची इकडे सरकवता का?’ असं विचारलं आणि मी सरकवली. पुण्यात बिनपगारी पद एकदा गळ्यात पडलं की ते आजन्म असतं. साहित्याच्या प्रांतात खुर्चीसाठी भांडणारे पुष्कळ; मांडणारा, माझ्या माहितीत, मी एकटाच.

खुर्च्या मांडायलाही डोकं लागतं. नवशिका संयोजक व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरचे ‘नक्की येणार’ मोजतो आणि मंडपवाल्याकडून चाळीस खुर्च्या मागवतो. मग अठरा माणसं येतात आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्या बघून वक्त्याचा आवाज बसतो. मालकांचा हिशेब उलटा. अठरा येणार असतील तर पंधराच मांडायच्या. तिघं उभी राहतात, त्यांच्या पाठीमागून फोटो काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राला ‘जागेअभावी रसिकांनी उभं राहून कार्यक्रमाचा आस्वाद घेतला’ अशी बातमी पाठवायची. त्यात खोटं काहीच नसतं. पहिल्या रांगेचं कोडं मात्र अजून सुटलेलं नाही. आमचा श्रोता पहिल्या रांगेत बसत नाही. तो दाराजवळ, भाषण लांबलं तर सटकता येईल अशा बेताने बसतो. म्हणून मालकांनी एकदा फर्मान काढलं, की पहिली रांग मांडायचीच नाही, थेट दुसरीपासून सुरुवात करायची. मी तशी मांडली. लोक आले आणि तिसऱ्या रांगेत बसले.

कविसंमेलनाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. तिथे आपला नंबर यायचा म्हणून थांबलेले कवी असतात आणि आपला नंबर होऊन गेला म्हणून बस गाठायच्या घाईतले कवी असतात. मी एकदा न राहवून टाळी वाजवली, तर शेजारच्या गृहस्थांनी आपुलकीने विचारलं, ‘‘तुमचं कितवं नाव आहे?’’

खरी मेजवानी म्हणजे प्रकाशन समारंभ. जे पुस्तक गेले आठ दिवस दुकानाच्या काउंटरवर उघड्यावर पडलेलं असतं, लोकांनी चाळून ठेवून दिलेलं असतं, त्याच्याच पाच प्रती त्या दिवशी चकचकीत कागदात गुंडाळून, वर फीत बांधून, तबकात घालून येतात. गाठ प्रकाशकाच्या माणसाने मारलेली असते आणि ती सोडवता येऊ नये अशाच हेतूने मारलेली असते. कात्री कोणी आणलेली नसते. अध्यक्ष नखाने प्रयत्न करतात, प्रमुख पाहुणे दाताकडे वळू की नको या विचारात असतात, लेखकाच्या मंडळी पदराआडून ‘अहो, ओढा सरळ’ असं सुचवतात, आणि फोटोग्राफर सगळ्यांना ‘सर, इकडे बघा, हसा’ म्हणत असतो. शेवटी कागद फाटतो. मग पाचही जण पुस्तक छातीशी धरून उभे राहतात. त्यांतलं एक उलटं असतं. ते बहुतेक वेळा प्रकाशकाच्याच हातातलं असतं.

आणि मग भाषणं. इथे मालकांच्या सिद्धांताची पहिली सिद्धता मिळते. आमच्याकडे एका प्रकाशनाला एक समीक्षक बोलावले होते. सज्जन माणूस. पुस्तक शेवटपर्यंत वाचून, समासात खुणा करून, दोन पानी टिपण काढून आले होते. त्यांनी गुण सांगितले, मग दोष सांगितले, मग बासष्टाव्या पानावर नायक डावखुरा आहे आणि नव्वदाव्या पानावर तो उजव्या हाताने चेक लिहितो, हे दाखवून दिलं. लेखकाचा चेहरा उतरला. लेखकाच्या सासूबाई उठून गेल्या. त्या संध्याकाळी एकही प्रत खपली नाही.

पुढच्या महिन्यात दुसरं प्रकाशन. अध्यक्ष ऐनवेळी ठरलेले, रिक्षातून उतरता उतरता त्यांच्या हातात पुस्तक पडलं. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं, किंमत पाहिली आणि अर्पणपत्रिका वाचली. अर्पणपत्रिकेत ‘आईस’ एवढंच होतं. त्या एका ओळीवर ते पाऊण तास बोलले. स्वतःच्या आईबद्दल बोलले, लेखकाच्या आईबद्दल बोलले, जात्यावरच्या ओव्यांपासून स्टीलच्या डब्यापर्यंत सगळी आई त्यांनी उभी केली. दुकानात एक डोळा कोरडा राहिला नाही. मंडपवाल्याचा पोरगा खुर्च्या न्यायला आला होता, तोही नाक ओढत उभा राहिला. बावीस प्रती गेल्या. पुस्तक मधमाशीपालनावर होतं.

नातेवाइकांचा यात समावेश नाही, हे सांगितलं पाहिजे. लेखकाचे नातेवाईक प्रकाशनाला झाडून येतात, दुसरा वडा मागून घेतात, पण पुस्तक विकत घेत नाहीत. विकत घेणं त्यांना परकेपणाचं वाटतं. ‘घरचंच आहे, मिळेल की’ असं म्हणून ते घरी जातात आणि पुढची दोन वर्षं लेखकाला लग्नामुंजीत ‘अजून दिलं नाहीस हो पुस्तक’ म्हणून सुनावत राहतात. पूर्वी हजाराची आवृत्ती निघायची, आता पाचशेची, तीनशेची निघते. त्यात लेखकाचं आजोळ मोठं असलं, तर पुस्तक बाजारात येण्याआधीच संपायला हरकत नाही.

आमची मासिक पुस्तकचर्चा मात्र जिव्हाळ्याची असते. सभासद ठरलेले आहेत. एक निवृत्त प्राचार्य आहेत. त्यांना कोणत्याही पुस्तकावरून त्यांनी पूर्वी केलेलं एखादं भाषण आठवतं. ‘ययाति’वरच्या चर्चेत ते अर्धा तास कर्णावर बोलले. ते ‘मृत्युंजय’ आहे, हे कोणीतरी हळूच सांगितल्यावर ‘दोन्ही महाभारतातलंच की’ असं म्हणून त्यांनी तो आक्षेप निकालात काढला. एका राष्ट्रीयीकृत बँकेचे माजी शाखाधिकारी आहेत. ते काहीही वाचत नाहीत, आणि आमच्यातले सगळ्यात उत्तम वक्ते तेच आहेत. ‘पण लेखकाला म्हणायचंय काय?’ हा त्यांचा प्रश्न ज्ञानेश्वरीपासून पाककृतींच्या पुस्तकापर्यंत कुठेही चालतो. एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे. तो पुस्तक कानात घालून दीडपट वेगाने ऐकतो, आणि त्याला प्रत्येक कादंबरीतली माणसं फार घाईत आहेत असं वाटतं. आणि एक दातांच्या डॉक्टर बाई आहेत. त्या पुस्तक वाचून येतात.

नुसतं वाचून नव्हे. पुस्तकातून पिवळ्या चिठ्ठ्यांची झालर बाहेर लोंबत असते, पेन्सिलीने अधोरेखित केलेलं असतं, आणि पर्समध्ये एक वही असते. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात त्यांनी मराठीतल्या बऱ्याच कादंबऱ्या संपवल्या आहेत. मालक त्यांना फार मान देतात आणि फार घाबरतात.

चर्चेसाठी पुस्तक निवडायचा मालकांचा निकष जाडी हा आहे. आपल्या भाग्याने मराठीत पातळ आणि थोर अशी पुस्तकं निघाली आहेत. पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ बसच्या एका फेरीत संपते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’च्या वेळी तर निम्म्या मंडळींनी अमोल पालेकरांचा सिनेमा पाहिलेला होता, त्यामुळे कादंबरीतल्या छायाचित्रणावर फार चांगली चर्चा झाली.

पण मला कायमची लक्षात राहिली ती ‘रणांगण’ची. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ सालची. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर मुंबईला परत येणारा चक्रधर विध्वंस, आणि नाझींच्या तावडीतून सुटून निघालेली हेर्टा नावाची जर्मन ज्यू मुलगी. शंभरेक पानांत एवढा मोठा काळ आणि एवढं दुःख मावतं, हे आजही वाचताना खरं वाटत नाही. डॉक्टर बाईंनी पहिली चिठ्ठी उघडली, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, ‘‘बोटीवरच्या या सगळ्या माणसांना देश नाही, ही गोष्ट बेडेकरांनी...’’

‘‘बोट कुठली?’’ शाखाधिकाऱ्यांनी विचारलं.

‘‘युरोपातून येणारी.’’

‘‘ते झालं. कंपनी कुठली?’’

डॉक्टर बाईंनी वही चाळली. तेवढी फट प्राचार्यांना पुरली. ‘‘बोट म्हटलं की मला रामदास आठवते,’’ ते म्हणाले, आणि सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. १७ जुलै १९४७. ऐन गटारीचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट वाटेत कलंडली आणि सहाशेवर माणसं बुडाली. प्राचार्यांच्या काकांनी त्या बोटीचं तिकीट काढलेलं होतं, पण चहा प्यायला थांबले आणि बोट चुकली. शाखाधिकाऱ्यांच्या मामांचंही तसंच झालेलं निघालं, फक्त चहाऐवजी चप्पल तुटली होती. कोकणातल्या प्रत्येक घरात रामदास बोट चुकलेला एक तरी काका-मामा असतो, हे मी पूर्वीपासून ऐकून होतो; आमच्या पंधरा खुर्च्यांवर त्यांतले तीन निघाले. तिथून गाडी कोकणबोटीत लागणाऱ्या समुद्राकडे गेली, समुद्रावरून आलेपाकाकडे, आलेपाकावरून गणपतीला गावी जाताना लागणाऱ्या घाटाकडे, आणि घाटातून अपरिहार्यपणे मुंबई-गोवा महामार्गाकडे. दुकान दणाणून गेलं. ज्या विद्यार्थ्याने आजवर तोंड उघडलं नव्हतं त्याने वडखळच्या खड्ड्यांवर मौलिक विवेचन केलं. मालक दाराशी उभे राहून कृतार्थ मुद्रेने बघत होते. साहित्यावर इतकं जिवंत बोलणं मी तरी पूर्वी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टर बाईंना राहवलं नाही. त्या उभ्या राहून जवळजवळ ओरडल्याच, ‘‘अहो, ती हेर्टा शेवटी जीव देते हो!’’

सगळे गप्प झाले. शाखाधिकाऱ्यांनी काउंटरवरून विकत घ्यायला म्हणून काढलेली प्रत होती, ती मिटली.

‘‘मॅडम, शेवट कशाला सांगितलात?’’ ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले. ‘‘वाचणार होतो ना मी.’’

ती प्रत पुन्हा भिंतीवर गेली. रात्री शटर ओढताना मालक फक्त एवढंच म्हणाले, ‘‘बघितलंत?’’

हे सगळं आमच्याच दुकानात घडतं असं मी काही वर्षं समजत होतो. पण पुस्तकांच्या दुकानांचा इतिहास मालकांच्या बाजूने आहे. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’चंच घ्या. ती प्रसिद्ध केली पॅरिसच्या शेक्सपिअर अँड कंपनी या पुस्तकाच्या दुकानाच्या सिल्व्हिया बीच या मालकीणबाईंनी, २ फेब्रुवारी १९२२ रोजी. पण तिच्यावरचं पहिलं गाजलेलं व्याख्यान झालं ते ७ डिसेंबर १९२१ रोजी, म्हणजे कादंबरी बाहेर पडायच्या जवळजवळ दोन महिने आधी. रस्त्याच्या पलीकडे आद्रिएन मोनिए या बाईंचं दुकान होतं, तिथे व्हालेरी लार्बो या लेखकाने ‘युलिसिस’ थोर आहे असं सांगितलं आणि दुकानात दाटीवाटीने बसलेल्या सुमारे अडीचशे लोकांनी ते मान्य केलं. जॉइस स्वतः पडद्यामागे लपून बसला होता. शेवटी त्याला ओढून बाहेर काढून टाळ्या वाजवण्यात आल्या. पुस्तक हातात नसताना इतकी एकमताची चर्चा झाली! पुढे पुस्तक आलं, लोकांनी वाचायला घेतलं, आणि तेव्हापासून जे मतभेद सुरू झाले ते अजून मिटलेले नाहीत.

आपल्याकडे पाहिलं तर न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं. आजची सगळी साहित्य संमेलनं आपलं कुळ तिथे नेऊन भिडवतात. पुढचं १८८५ साली भरलं, त्याचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं होतं. त्यांनी पत्र लिहून ते साफ नाकारलं आणि का येणार नाही तेही रोखठोक कळवलं. त्या संमेलनात कोण काय बोललं हे सांगणारा मला अजून भेटायचा आहे. न आलेल्या माणसाचं पत्र मात्र आजतागायत वाचलं जातं. आमच्या ग्रुपवर न येणारे लोक नुसता हात जोडल्याचं चित्र टाकतात, तेव्हा मला हटकून हे पत्र आठवतं. न येण्यातही काही दर्जा असावा.

लेखकाला बोलावलं तर चर्चा रुळावर राहील, असं एकदा डॉक्टर बाईंनी सुचवलं. बोलावलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी एकच कादंबरी लिहून नंतर सरकारी नोकरीत रमलेले गृहस्थ होते. डॉक्टर बाईंनी विचारलं, ‘‘शेवटी सुमती घर सोडून जाते, तेव्हा ती परत येईल अशी शक्यता तुम्ही मुद्दाम ठेवलीय का?’’

लेखकाने बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, ‘‘जाते का ती?’’

यावर शाखाधिकारी मदतीला धावले. ‘‘जाणारच. तेव्हा हाउसिंग लोनचा व्याजदर काय होता माहीत आहे का?’’ लेखकाला एकदम हुरूप आला. दोघं व्याजदरावर इतके रंगले की लेखकाने निघताना स्वतःच्याच कादंबरीची एक प्रत विकत घेतली. वाचून बघतो म्हणाले.

प्रश्नोत्तरांना आमच्याकडे वीस मिनिटं राखून ठेवतात. त्यात प्रश्न क्वचितच येतो. माइक हातात आला की गृहस्थ ‘प्रश्न असा नाही, दोन मुद्दे मांडतो’ म्हणतात, आणि दुसरा मुद्दा सुरू व्हायच्या आत चहा निवतो. मालकांनी यावर माइकच न देण्याचा उपाय करून पाहिला. तेव्हा कळलं, की मुद्दे असलेल्या माणसाला माइक लागत नाही.

आता कोणी विचारेल, की एवढं करून मालकांना मिळतं काय? हा प्रश्न त्यांच्या घरी वहिनी दर महिन्याला विचारतात, कारण वडे त्या करतात. हिशेब साधा आहे. तीनशे रुपयांचं पुस्तक. प्रकाशकाकडून दुकानाला जी सूट मिळते, तिच्यातलीच वीस टक्के कार्यक्रमाच्या दिवशी गिऱ्हाइकाला द्यायची, कारण ‘कार्यक्रमात सवलत नाही का?’ हे लोक पुस्तकाचं नाव विचारायच्या आधी विचारतात. उरतं त्यात दोन वडे आणि एक चहा बसत नाही. त्यातून हल्ली मंडळी पुस्तक हातात घेतात, उलटंसुलटं करतात, प्रेमाने मुखपृष्ठाचा मोबाइलवर फोटो काढतात आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतात. एका काकूंनी तर फोटो काढायला मालकांनाच पुस्तक धरायला लावलं. मालकांनी धरलं. ‘‘जरा उजेडात धरा हो,’’ असंही त्या म्हणाल्या.

मुंबईचं स्ट्रँड बुक स्टॉल टी. एन. शानभागांनी १९४८ साली सुरू केलं, ते २०१८ साली बंद झालं. पुण्यातलं मॅनीज २०१२ मध्येच गेलं. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांतून लोकांनी फार सुंदर लिहिलं. कोणाला तिथे कोणतं पुस्तक सापडलं, कोणाचं लग्न तिथे कपाटाआड ठरलं. मालकांनी ती सगळी कात्रणं जपून ठेवली आहेत. ‘‘दुकान बंद पडल्यावर कळतं, गिऱ्हाईक किती होतं ते,’’ असं म्हणून ते कधी कधी काढून दाखवतात. आणि वरून सिल्व्हिया बीचबाईंची गोष्ट सांगतात. पॅरिस जर्मनांनी घेतल्यावर १९४१ साली एक जर्मन अधिकारी त्यांच्या दुकानात आला आणि त्याने काचेतलं जॉइसचं ‘फिनेगन्स वेक’ मागितलं. शेवटची प्रत होती. बाईंनी ती विकायला नकार दिला, तो जप्तीची धमकी देऊन गेला, आणि बाईंनी काही तासांत सगळी पुस्तकं वरच्या मजल्यावर हलवून दुकान कायमचं बंद केलं. बाणेदारपणा म्हणून ही गोष्ट जगभर सांगतात. मालकांचा सूर मात्र हळहळीचा असतो. ‘फिनेगन्स वेक’ हट्टाने विकत मागणारं गिऱ्हाईक जन्मात एकदा येतं, आणि त्यालाच नाही म्हणायची पाळी यावी!

त्याच दुकानाने युद्धाच्या आधी, मंदीच्या दिवसांत, वाचनाचे कार्यक्रम करून तग धरला होता. १९३६ साली आंद्रे जीद वगैरे मंडळींनी वर्गणीदार सभासद जमवले आणि त्यांच्यासाठी लेखकांची वाचनं ठेवली. टी. एस. एलियट येऊन वाचून गेला, पुढच्या वर्षी हेमिंग्वेही. हे ऐकून मालकांनी आमच्याकडे वर्षाला पाचशे रुपये वर्गणी ठेवावी असा प्रस्ताव मांडला. प्राचार्यांनी तत्त्वतः पाठिंबा दिला. शाखाधिकाऱ्यांनी पावती मिळेल का, ज्येष्ठ नागरिकांना निम्मी आहे का, आणि चारच कार्यक्रमांना आलं तर उरलेले पैसे पुढच्या वर्षात ओढता येतील का, असं विचारलं. विद्यार्थी म्हणाला, की एलियट येणार असेल तर तो विचार करील. प्रस्ताव अजून विचाराधीन आहे.

गेल्या दुसऱ्या शनिवारी पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवायचं होतं. डॉक्टर बाईंनी ‘पाडस’ सुचवलं. राम पटवर्धनांचा अनुवाद, सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं नाव. एरवी ते ठरून गेलं असतं. पण शाखाधिकारी उठले आणि म्हणाले, की आपण किती दिवस किरकोळ अंगाची पुस्तकं घेत बसणार? एकदा नेमाड्यांच्या ‘हिंदू’ला हात घातलाच पाहिजे. सहाशे पानांच्या आसपासचा ग्रंथ, २०१० पासून सगळ्यांच्या घरात आहे, नसला तर मनात आहे.

मला वाटलं, मंडळी दचकतील. उलट दुकानभर सुटकेचा निश्वास पसरला. सहाशे पानं कोणी महिन्याभरात वाचून येणार नाही, तेव्हा कोणी कोणाला विचारणार नाही, तेव्हा सगळ्यांना बोलता येईल. प्राचार्यांनी तर तिथल्या तिथे सिंधू संस्कृतीवर सूर लावला. ठराव एकमताने मंजूर झाला. मालकांनी शिडी लावून वरच्या फळीवरून ‘हिंदू’च्या प्रती काढल्या, फडक्याने पुसल्या, आणि त्या हातोहात गेल्या. जाड पुस्तक विकत घेताना माणसाच्या चेहऱ्यावर जो निर्धार असतो तो शाखाधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर होता. ‘‘बांधणी पक्की आहे ना?’’ त्यांनी विचारलं. ‘‘पुष्कळ वर्षं टिकली पाहिजे.’’

एवढ्यात मागून आवाज आला, ‘‘मी वाचलंय हे. दोनदा.’’

डॉक्टर बाई. हातात पर्स, पर्समध्ये वही. पैसे मोजणाऱ्यांचे हात थांबले. प्राचार्य हडप्पात होते ते तिथेच राहिले. मी मालकांकडे पाहिलं. पण तीस वर्षं या बोळात दुकान चालवलेला माणूस तो. त्यांनी क्षणाचाही वेळ न लावता दोन्ही हात जोडले.

‘‘वा, वा, मॅडम! मग पुढच्या वेळी अध्यक्ष तुम्हीच.’’

टाळ्या झाल्या. डॉक्टर बाई लाजल्या. त्यांना आजवर कोणी अध्यक्ष केलं नव्हतं. कोणती साडी नेसावी याचाच विचार करत असाव्यात अशा चेहऱ्याने त्या पायऱ्या उतरल्या. सगळे गेल्यावर आम्ही राज्यसेवेचं टेबल बोळातून आत घेत होतो. एका बाजूने मी, एका बाजूने मालक.

‘‘अहो, पण अध्यक्ष केल्यावर तर त्यांना बोलायला द्यावंच लागेल,’’ मी म्हणालो.

‘‘देणार की,’’ मालक म्हणाले. ‘‘अध्यक्ष शेवटी बोलतात. साडेआठला आपण शटर ओढतो. तुम्ही फक्त प्राचार्यांची खुर्ची माइकजवळ मांडा.’’